मित्राला भाकरी शिकवा, बहिणीची शाळा वाचेल

दोन वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यानंतरची गोष्ट. हिंगोलीतल्या माझ्या एका मित्राच्या अम्मीचं नांदेडला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की तीन महिने वजन उचलायचं नाही, खाली बसून काम करायचं नाही, पाण्याच्या बादलीला तर हातही लावायचा नाही. मी भेटायला गेलो. अम्मी पलंगावर होत्या. घरात तीन भाऊ. मोठा माझा मित्र, मोंढ्यात हळदीच्या आडतीवर मुनीम. मधला मोबाईल दुरुस्ती शिकणारा, धाकटा बारावीला. आणि सगळ्यात लहान बहीण, नववीत.

जेवायची वेळ झाली होती. बहिणीनं भाकऱ्या थापल्या, अंबाड्याची भाजी केली, दस्तरखान अंथरला. आम्ही चौघं जेवलो. मी तोंडभरून तारीफ केली, एवढ्याशा पोरीच्या हाताला काय चव आहे म्हणून. ती लाजून आत गेली आणि गरम भाकरी घेऊन आली. दारामागच्या खुंटीवर तिचं दप्तर लटकलेलं होतं. मंगळवारचा दिवस, दुपारचे साडेबारा. दप्तर मला दिसलं होतं. पण शाळेच्या वेळेत ते खुंटीवर का आहे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

त्या मुलीला कुणी शाळेतून काढलं नाही. आमच्याकडे असं काढायची वेळच येत नाही. “अम्मी उठेपर्यंत आठ दिवस घरी राहा,” एवढंच कुणीतरी म्हणालं असेल. आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. मग पेपर राहिले, मग मैत्रिणी पुढे गेल्या, मग “आता या वर्षी काय जायचं” असं झालं. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. अम्मी चार महिन्यांनी बऱ्या झाल्या, पण तोवर घराला तिची सवय लागली होती. मुलीची शाळा सुटते ती बहुतेक वेळा अशी, गॅसवर दूध उतू जावं तशी, सगळे घरात असताना आणि कुणाचंच लक्ष नसताना.

त्या घरात एकोणीस ते सव्वीस वयाचे तीन धडधाकट भाऊ होते. तिघांनी एकेक वेळ सांभाळली असती तर तिचा एकही दिवस बुडाला नसता. ते वाईट नव्हते. माझा मित्र बहिणीवर जीव टाकतो, ईदला स्वतःला शर्ट न घेता तिला ड्रेस घेतो. त्यांना फक्त येत नव्हतं. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की हे ‘येत नाही’ फुकट नसतं. त्याची किंमत घरातलं दुसरं कुणीतरी भरतं, आणि ती भरणारी बहुधा घरातली सगळ्यात लहान मुलगी असते.

मी काही मोठा शहाणा नाही. मला स्वयंपाक येतो, कारण मला बहीण नाही. कळमनुरी तालुक्यातलं आमचं गाव. मी आठवीत असताना अम्मीला मणक्याचा त्रास सुरू झाला आणि अब्बांनी मला परातीसमोर बसवलं. बहीण असती तर अब्बांनी तिला बसवलं असतं आणि मी क्रिकेट खेळायला गेलो असतो. पुढे नांदेडला शिकायला गेलो, तेव्हा खोलीवर चौघांत एकट्या मला वरण-भात येत होता, म्हणून माझी चैन होती. बाजार तिघांनी आणायचा, भांडी तिघांनी घासायची. त्या वेळी त्यांना शिकवावं असं माझ्या मनात आलं नाही. उलट ते शिकले तर माझी भांडी मलाच घासावी लागतील, असा साधा हिशेब होता.

‘हे बायकांचं काम’ म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट विचारतो. आपल्याकडच्या वलीम्यात बगारा खाना आणि दालचा कोण शिजवतं? चूल कोण पेटवतं, देगीत उलथणं कोण फिरवतं, पहाटे अंगणात बसून दीड क्विंटल कांदा कोण कापतं? बावर्ची पुरुष, त्याच्या हाताखालची पोरं पुरुष, वाढणारे पुरुष, देगी घासणारे पुरुष. शहरातल्या हॉटेलात तंदूरवर कोण असतं? टेलर कोण, रफूवाला कोण, गादी पिंजणारा कोण? म्हणजे देग पुरुषाची आणि तवा बाईचा. सुई दुकानात असली तर पुरुषाची, घरात आली की बाईची. ज्या कामाला मजुरी आहे किंवा चार लोकांची वाहवा आहे, तिथे आपला हात बरोबर चालतो. कौशल्य तेच आहे, फक्त घरात त्याचे पैसे मिळत नाहीत.

आणखी एक उदाहरण, जे आपल्यातल्या पुष्कळांनी स्वतः अनुभवलं असेल. चाळीस दिवसांच्या जमातीत गेलं की खिदमत पाळीनं येते. त्या दिवशी भाजी आणायची, खाना पकवायचा, दस्तरखान लावायचा, भांडी धुवायची. डॉक्टर असो की हमाल, पाळी चुकत नाही, आणि सगळे ती आनंदानं करतात. आमच्या ओळखीचे एक चाचा जमातीत उत्तम खिचडी करतात म्हणून प्रसिद्ध आहेत. घरी आले की पलंगावरून हाक मारतात, “पानी लाव.” मशिदीत ती खिदमत आणि घरात तेच काम केलं तर कमीपणा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. जुम्म्याच्या बयानात आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे की पैगंबर साहेब घरात असताना घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. हजरत आयशांना विचारल्यावर त्यांनी सांगितलेली ही गोष्ट. आपले कपडे शिवणं, चप्पल सांधणं हेही त्यात येतं. ऐकताना आपण ‘सुभानल्लाह’ म्हणतो आणि घरी येऊन शर्टाचं तुटलेलं बटण बहिणीपुढे टाकतो.

हे फक्त आपल्याच समाजाचं नाही, तेव्हा कुणी खजील व्हायचं कारण नाही आणि कुणी खूश व्हायचंही कारण नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर लोक दिवसातला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. हे ९७ पाहून फसू नका, कारण ती सरासरी घरकाम करणाऱ्या पुरुषांचीच आहे, आणि तसे पुरुष शंभरातले जेमतेम २६ होते. बायका ८१. पुन्हा २०२४ मध्ये पाहणी झाली. पाच वर्षांत मिक्सर आले, गॅस आला, मोबाईल हातोहाती गेला, आणि बायकांची मिनिटं २८९ झाली. पुरुषांची ८८. म्हणजे जे करत होते त्यांचाही वेळ थोडा कमीच झाला.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. पुरुषांना शिकवायचं कोणी?

सगळे म्हणतात, आईनं शिकवावं. आई शिकवणार नाही. मित्राच्या अम्मींना मी हे बोललो तेव्हा त्या पलंगावरून उठायला लागल्या, “मेरे रहते मेरा बेटा चूल्हे के पास बैठिंगा?” त्यात प्रेम आहे, आणि शेजारणी काय म्हणतील ही भीतीही आहे. मुलगा स्वयंपाकघरात गेला की आईला आपण कमी पडलो असं वाटतं. बहीण तर भावाला शिकवूच शकत नाही, तिचं ऐकतो कोण? मग राहिली बायको. “लग्न झालं की शिकेल” हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं आहे. पण नव्या नवरीनं सासू-सासरे, नणंदा-दीर यांच्या देखत नवऱ्याला भांडी घासायला शिकवायची? आणि शिकवणं हेही एक कामच आहे. २९९ मिनिटांत तिनं आणखी वीस मिनिटं नवऱ्याच्या शिकवणीची घालायची का?

मित्राचं तसं नसतं. मित्रापुढे भाकरी तुटली तर तो हसतो, आपणही हसतो, आणि दुसरी थापतो. पोहायला आपल्याला कुणी शिकवलं? मोटारसायकल कुणी शिकवली? घरच्यांना न सांगता मित्रांनीच. मग हेही तसंच.

मी ठरवलं ते एका रविवारी. माझी खोली स्टेशनकडच्या बाजूला आहे, एकटाच राहतो. मुनीम मित्राला बोलावलं. बहिणीचं नाव काढलं नाही, फक्त म्हणालो, ये, तुला वरण शिकवतो. तो एकटा येईना, म्हणून गॅरेजवाल्याला घेऊन आला. तिसऱ्या रविवारपर्यंत सहा जण झाले. एक जण टेलर होता, त्यामुळे शिवणकामाचा मास्तर फुकट मिळाला.

पहिल्या दिवशी मी चूल पेटवूच दिली नाही. आधी भांडी. ज्याला भांडी घासावी लागणार हे माहीत असतं तो चार पातेली कमी खराब करतो. मग कुकर. गॅरेजवाला उभं इंजिन खोलून परत बसवतो, पण कुकरच्या शिट्टीला हात लावायला घाबरत होता. त्याला सांगितलं, हे गॅस्केट, हा सेफ्टी व्हॉल्व्ह, शिट्टीच्या नळीत डाळीचं साल अडकलं तर वाफ कोंडते, आणि वाफ उतरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. त्यानं क्षणात ओळखलं. म्हणाला, “अरे, ये तो रेडिएटर जैसाच है.” तेव्हापासून गल्लीतल्या कुकरांची गॅस्केटं तोच बदलतो.

मुनीम मित्राची गंमत वेगळी. हा माणूस वर्षाचे बारा महिने हळदीत असतो. वसमतची हळद, जिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती हातात घेऊन मोडली की आतला रंग पाहून तो भाव सांगतो. वरणात किती घालायची हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं मूठभर टाकली. ते वरण आम्ही सहा जणांनी शिक्षा म्हणून खाल्लं. त्या दिवशी तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एवढ्या वर्षांत घरातला हळदीचा डबा कुठे असतो तेही मी पाहिलेलं नाही.

भाकरीला चार रविवार गेले. खरं सांगायचं तर मराठवाड्यात भाकरी आली की सगळं आलं. पीठ ताजं हवं, जुनं झालं की त्याची चिकी जाते आणि भाकरी तुटते. तुटत असेल तर पाणी चांगलं उकळून त्यात पीठ भिजवायचं. तळहाताच्या मुळाशी जोर देऊन मळायचं, बोटांनी नाही. परातीत खाली पीठ पसरून थापायची, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. पाणी सुकलं की भेगा पडतात. हे सगळं आपल्या आया बोलत नाहीत, त्यांच्या हाताला माहीत असतं. मला ते शब्दांत मांडायला खूप त्रास झाला. पहिल्यांदा मुनीम मित्राची भाकरी टम्म फुगली तेव्हा त्यानं मोबाईलवर फोटो काढला, पण कुणाला पाठवला नाही.

बटणाचं एक सांगतो, कारण हे मलाही माहीत नव्हतं. बटण कापडाला अगदी चिकटवून शिवलं की काजात नीट बसत नाही आणि लवकर तुटतं. टेलर मित्रानं बटणाखाली आगपेटीची काडी ठेवून शिवायला सांगितलं. शिवून झाल्यावर काडी काढायची आणि मोकळ्या राहिलेल्या दोऱ्याला बटणाखाली तीन-चार वेढे द्यायचे. दोन मिनिटांचं काम. पायजम्याची उसवलेली शिवण, सुटलेली तुरपाई, हे सगळं एका रविवारात झालं.

अडलं ते संडास धुण्यापाशी. त्या रविवारी सहातले तीनच आले. जे आले त्यांना मी सगळ्यात आधी हे सांगितलं की ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकायची नाही, त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद संडासात जीवावर बेततं. खिडकी-दार उघडं ठेवायचं. बाकी काम दहा मिनिटांचं. पण न आलेल्यांपैकी एकानं नंतर मला स्पष्ट सांगितलं, भाकरीपर्यंत ठीक आहे, हे मी करणार नाही, हे ‘त्या लोकांचं’ काम आहे. इस्लाममध्ये जात नाही असं आपण स्टेजवरून सांगतो. ती संडासाच्या दाराशी उभी असते. तो मित्र आजही येत नाही आणि मीही त्याला समजावू शकलो नाही.

अशा वेळी मला डॉ. झाकीर हुसेन आठवतात. आपल्या तरुणांना ते राष्ट्रपती म्हणून माहीत असतात, फार तर जामियाचे म्हणून. पण १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, तेव्हा ‘नई तालीम’चा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस, जन्म हैदराबादचा, म्हणजे ज्या संस्थानात तेव्हा आपलं हिंगोली होतं तिथला. मूल हातानं काम करत शिकलं पाहिजे, हा त्या योजनेचा गाभा होता. सेवाग्रामच्या शाळेत कताई, शेती यांच्या जोडीला स्वयंपाक आणि सफाई हाही शिक्षणाचाच भाग होता. जामियात मुलं मळके बूट घालून येतात म्हणून झाकीर साहेब एकदा स्वतः ब्रश-पॉलिश घेऊन फाटकाजवळ बसले, असा किस्सा सांगतात. आमच्याकडे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढलं, तिथेही सगळ्या जातिधर्मांची पोरं एकत्र राहून आपली कामं आपणच करायची. यातलं बरंचसं आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेलं आहे. आपण शाळांमधून ते काढून टाकलं आणि ‘होम सायन्स’ नावानं मुलींच्या बाजूला सरकवलं.

काही जण म्हणतात, एवढं कशाला, मेस आहे, हॉटेल आहे. बरोबर. पण अम्मी आजारी असताना घरातल्या पाच जणांना दोन वेळ डबा लावायचा तर महिन्याचा हिशेब करा, आणि मुनिमाचा पगार बघा. गरिबाच्या घरी मेस लागत नाही, मुलगी लागते.

मुलींनीही मला एक टोला लगावला आहे, तो सांगितला पाहिजे. मावशीच्या मुलीनं विचारलं, “भाई, तुम्ही पोरांना भाकरी शिकवता, मग आम्हाला फ्यूज बांधायला, गाडी चालवायला कोण शिकवणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या खोलीवर मुली येणार नाहीत, हे तिलाही माहीत होतं. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी स्वतःच सुरू केलं आहे. त्यावर तिनंच लिहावं.

आणि त्या घराचं काय झालं, तर ऐका. पहिले दोन महिने मित्र माझ्या खोलीवर शिकला, घरी काही बोलला नाही. लाज वाटत होती. मग एका शुक्रवारी अम्मी आणि बहीण मावशीकडे गेल्या असताना त्यानं भावांना खिचडी करून घातली. धाकट्यानं गल्लीत सांगितलं. नाक्यावर चार पोरांनी विचारलं, “क्या रे, रोट्यां थापरा बोले?” हा म्हणाला, “हौ, आ खाने.” दोघं खरंच आले. अम्मी महिनाभर रुसल्या. त्यांना वाटत होतं मुलगा आपल्याला टोचून दाखवतोय. आता संध्याकाळचं जेवण भावांकडे असतं, म्हणजे चार दिवस मोठ्याकडे, दोन दिवस मधल्याकडे. धाकटा अजून फक्त चहा करतो आणि कारणं सांगतो.

बहिणीची दोन वर्षं गेली ती गेली. तिला परत वर्गात बसायचं नव्हतं, वयानं मोठी दिसते म्हणून. शेवटी तिनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. माझ्या तारीफ केलेल्या भाकरीचा विषय मी एकदा तिच्याजवळ काढला. माफी मागायची होती. ती म्हणाली, “भाई, त्या दिवशी गणिताची चाचणी होती.” बाकी काही बोलली नाही.

सध्या दहावीची परीक्षा आणि रमजान एकाच वेळी येतात. सहरीला घरातल्या बायका तीन-साडेतीनला उठतात, सगळे खाऊन पुन्हा झोपले तरी त्यांची भांडी बाकी असतात, आणि संध्याकाळी इफ्तारचं तळण. त्यात पेपर. मित्रानं भावांना बसवून सांगितलं की तिचे पेपर संपेपर्यंत सहरी आपण करायची, तिला फक्त जेवायला उठवायचं. मला वाटलं दोन दिवसांत ढेपाळतील.

तिसऱ्या रोजाला पहाटे पावणेचारला माझा फोन वाजला. मागे तवा, पाण्याचा नळ आणि मधल्या भावाच्या शिव्या ऐकू येत होत्या. मित्र दबक्या आवाजात विचारत होता, “रोटी तुटरी रे. पीठ पुराना है क्या? जल्दी बोल, उसका आज इंग्रजी है.” मी म्हणालो, पाणी अजून उकळू दे.